बँकेत सुटलेलं पान: थर्मल बाइंडिंगच्या पाच प्रतींचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी साडेअकराच्या सुमारास नानांचा फोन आला. "ताई, बँकेतल्या साहेबांनी पान उलटलं आणि ते हातातच आलं. मग मधली चार-पाच सुटली." नाना रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त लागलं. रागावले असते तर निदान बोलून मोकळे झाले असते.

नाना दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष उत्पादकांच्या एका कंपनीचे अध्यक्ष. पॅकहाऊस, प्रीकूलिंग (तोडलेला माल लगेच गार करणं) आणि शीतगृह असा त्यांचा प्रकल्प, आणि त्याच्या कर्जासाठी केलेला अहवाल मी बांधून दिला होता. नाशकात सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. कोर्टाची कामं, कॉलेजचे प्रोजेक्ट, सीएंच्या फायली असं सगळं येतं. हातात आलेलं पान होतं भांडवली खर्चाच्या तक्त्याचं. कर्जाच्या फायलीतलं तेच पान सुटलं की समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: यातून अजून काय काय गळालंय? साहेबांनी ते पान नीट आत सरकवलं आणि म्हणाले, प्रती पुन्हा बांधून द्या, मग बघू. शेतकऱ्यांच्या दीड वर्षाच्या धावपळीचा कागद माझ्या गोंदामुळे परत आला होता.

हे प्रकरण लिहायला घेतलं ते एवढ्यासाठी की थर्मल बाइंडिंगची पानं सुटली की सगळे मशीनला नाहीतर उन्हाला दोष देतात. मीही आधी तेच केलं. सुटलेल्या प्रती उघडून पाहिल्या तेव्हा त्यांच्या पाठीत सगळं लिहून ठेवल्यासारखं दिसलं.

आधी काम काय होतं ते सांगते. एकूण १२ प्रती. त्यातल्या ७ संचालकांसाठी, ५ बँकेसाठी. संचालकांच्या प्रतीत ११२ कागद: साधे ७५ जीएसएमचे (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचे) १०२, बागेच्या आणि जागेच्या रंगीत फोटोंचे चकचकीत आर्ट पेपरचे ६, आणि ए३ आकाराचे घडी घातलेले ४ नकाशे. बँकेच्या प्रतीत याशिवाय सातबारा उतारे, यंत्रांची कोटेशन्स, ठराव असे २६ कागद जास्त. हे २६ कागद आले रात्री साडेआठला. सकाळी सहाला नाना निघणार होते.

थर्मलचं कव्हर तयारच मिळतं. पुढे पारदर्शक प्लास्टिक, मागे जाड कार्ड, आणि पाठीच्या आत गोंदाची पट्टी आधीच लावलेली. हा गोंद ईव्हीए जातीचा, ग्लू गनच्या कांड्या असतात तसाच. कागद कव्हरमध्ये घालून पाठ खाली करून मशीनमध्ये उभं ठेवायचं. खालची पट्टी तापते, गोंद वितळतो, कागदांच्या कडा त्यात बसतात. मिनिट-दीड मिनिटात मशीन बीप देतं. मग प्रत बाजूच्या स्टँडवर तशीच उभी ठेवून थंड होऊ द्यायची. भोकं पाडायची नाहीत, शिवायचं नाही, स्पायरलसारखं काही खटखटत नाही. दिसायला पुस्तकासारखं दिसतं, म्हणून बँकेच्या आणि टेंडरच्या कामाला लोक हेच मागतात.

कव्हर पाठीच्या मापावर मिळतं: ३ मिमी, ६, ८, १०, १२, १५, २० असं वाढत जातं. साध्या कॉपियर कागदाचे १० कागद म्हणजे साधारण १ मिमी. ११२ कागदांना १२ मिमीचं कव्हर बरोबर होतं. बँकेच्या १३८ कागदांना १५ मिमीचं हवं होतं. माझ्याकडे १५ चं एकही नव्हतं, मेन रोडची दुकानं बंद झालेली. "दाबून १२ मध्येच बसव," असं दुकानातल्या मुलाला मीच सांगितलं. तो म्हणाला होता, "ताई, जास्त होतंय." मी ऐकलं नाही.

परत आलेल्या प्रती टेबलावर ठेवल्या तेव्हा नानांचं म्हणणं असं की गाडी बँकेबाहेर उन्हात उभी होती, गोंद पातळ झाला असेल. म्हणणं चुकीचं नाही. एप्रिलमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो, आणि बंद गाडीत आतलं तापमान साठीपर्यंत सहज जातं. तेवढ्याने ईव्हीए वितळत नाही, पण मऊ पडतो. एक गोष्ट मात्र जुळेना. बाराच्या बारा प्रती त्याच गाडीच्या डिकीत होत्या. सुटल्या फक्त बँकेच्या पाच. ऊन काही निवडून लागत नाही.

मग मी संचालकांच्या प्रतींपैकी एक मागून घेतली आणि दुपारी बारा ते चार माझ्या स्वतःच्या बंद गाडीत ठेवली. चारला काढली तेव्हा पाठीवर नख दाबलं तर गोंद मेणासारखा दबत होता. साधे कागद जागचे हलले नाहीत. एक फोटोचं पान मात्र जरा ओढताच निघून आलं. म्हणजे ऊन दुबळं पान शोधून काढतं. पान दुबळं आधीच झालेलं असतं.

त्यानंतर पाचही प्रती पूर्ण उलट वाकवून पाठी उघड्या केल्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून बसले. बाइंडिंगचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करावं. गोंद थंड होताना जे घडलं ते सगळं त्याच्यात साच्यासारखं राहिलेलं असतं.

पहिली खूण फोटोंच्या पानांची. जिथून आर्ट पेपर निघाला होता तिथे गोंदात एक बारीक चीर होती, सुरीने कापल्यासारखी सरळ. नख घालून पाहिलं तर आतून गुळगुळीत, काचेसारखी. सुटलेल्या पानाची कड पाहिली तर तीही कोरी, गोंदाचा ठिपका नाही, फक्त किंचित पांढरी भुकटी बोटाला लागली. याचा अर्थ पान गोंदात पूर्ण बुडालं होतं, पण गोंदाने त्याला धरलं नाही. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर असतो, म्हणूनच तो चकाकतो आणि फोटो उठून दिसतो. गोंद त्या थराला चिकटतो आणि थर कागदापासून सुटतो. शेजारच्या साध्या कागदाच्या जागी काय होतं? मी एक मुद्दाम ओढून काढला. तो निघाला नाही, फाटला. गोंदात कागदाचे केसाएवढे तंतू उभे राहिले होते. चांगलं बाइंडिंग ओळखायची हीच खूण: ओढल्यावर गोंद सोडत नाही, कागद फाटतो.

पुस्तकं बांधणाऱ्या मोठ्या परफेक्ट बाइंडिंगच्या मशीनमध्येही बहुतेक ठिकाणी ईव्हीएच असतो, दीडशे ते एकशेऐंशी अंशांना वितळवलेला. पण तिथे गोंद लागायच्या आधी एक फिरतं पातं गठ्ठ्याची कड खरवडतं, त्यामुळे तंतू उघडे पडतात आणि गोंद त्यांच्यात शिरतो. पूर्ण आर्ट पेपरचं पुस्तक असेल तर प्रेसवाले बरेचदा पीयूआर नावाचा दुसरा गोंद वापरतात, जो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. आमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये ना पातं ना पीयूआर. जसा कागद घालाल तसा तो बसणार. लोकांना वाटतं आर्ट पेपर जड म्हणजे मजबूत. बाइंडिंगच्या बाबतीत तो सगळ्यात कमकुवत.

दुसरी खूण सगळ्यात बोलकी, आणि माझ्या चुकीची. भांडवली खर्चाचा तक्ता आणि त्याच्या आसपासची पानं गठ्ठ्याच्या मध्यावर होती. त्यांच्या जागी गोंदात काहीच नव्हतं. चीर नाही, तंतू नाहीत, फक्त गोंदाचा सपाट पृष्ठभाग. ही पानं गोंदाला टेकलीच नव्हती. १३८ कागद १२ मिमीत कोंबले की दोन्ही बाजूंचे कागद तळाला जातात आणि मधले दाबाने वर सरकतात. अर्धा मिमी वर राहिलं तरी पुरे. बाहेरून काही कळत नाही, कारण शेजारच्या पानांच्या दाबाने ती आत घट्ट बसलेली असतात. पहिल्यांदा प्रत पूर्ण उघडली की तो दाब जातो आणि पान हातात येतं. बँकेत नेमकं तेच झालं.

तिसरी खूण नकाशांची. चारही नकाशे मुलाने बरोबर मधोमध घडी घालून ठेवले होते. ए३ कागद ४२० मिमी रुंद, त्याची निम्मी घडी २१० मिमी, म्हणजे ए४ एवढीच. त्यामुळे नकाशाची दोन्ही टोकं पाठीत गेली आणि दोन्ही चिकटली. साहेबांनी नकाशा उघडायला ओढला तेव्हा त्यांना एक टोक उपटूनच काढावं लागलं, आणि जाताना त्याने शेजारची पानं हलवली. शिवाय प्रत्येक नकाशाने पाठीत दोन थर भरले. म्हणजे १३८ नव्हे, पाठीत १४२ थर होते. संचालकांच्या प्रतीही याच चुकीने काठावर होत्या, ११६ थर १२ मिमीत. त्यांचे नकाशे अजून कुणी उघडले नव्हते एवढंच.

चौथी गोष्ट लहान वाटेल, पण तीन प्रतींमध्ये स्पष्ट दिसली. गोंद पाठीच्या एका कडेला जाड आणि दुसरीकडे कागदाएवढा पातळ. मशीनच्या स्टँडवर एका वेळी तीनच प्रती उभ्या राहतात. रात्री उशीर झालेला, म्हणून मुलाने गरम प्रती टेबलावर आडव्या एकावर एक ठेवल्या. पातळ गोंद उताराकडे जाणारच. थंड व्हायला पाच ते दहा मिनिटं लागतात, आणि पाठ जाड असेल तर त्याहून जास्त. त्या मिनिटांत प्रतीला हात लावायचा नसतो. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या मालासारखंच की. तोडल्यावर पहिले काही तास प्रीकूलिंगला चुकले तर पुढे कितीही गार ठेवा, मणी गळतातच." त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

पुन्हा बांधायला दोन दिवस लागले, आणि अर्थातच पैसे घेतले नाहीत. पाचच्या जागी बाराही प्रती परत मागवल्या, कारण फोटो आणि नकाशांचा दोष सगळ्यांत होता. नाना म्हणाले, संचालकांच्या राहू द्या, त्या चांगल्या आहेत. मी म्हटलं, नाना, त्या अजून सुटल्या नाहीत एवढंच.

प्रत मशीनमध्ये पुन्हा तापवली की गोंद मऊ होतो आणि कव्हर वेगळं करता येतं. गरम असतानाच एखादं पान बदलायचंही असेल तर बदलता येतं, थर्मलची ही एक चांगली सोय आहे. पण जुना गोंद कडेला गुठळ्या करून राहतो. त्यावर नवीन कव्हर चढवलं तर गठ्ठा समान बसत नाही. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याची डावी कड कटिंग मशीनवर ३ मिमी कापली. अहवाल टाइप करणाऱ्याने डावीकडे २० मिमी जागा सोडली होती म्हणून निभावलं. १० मिमी सोडणारे खूप असतात, त्यांच्या बाबतीत अक्षरं पाठीत गेली असती. कापलेल्या कडेवर बारीक सँडपेपर दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवला, तंतू थोडे उठावेत म्हणून. मोठ्या मशीनचं पातं जे करतं त्याची ही हाताने केलेली नक्कल. जोर लावायचा नाही, नाहीतर कडा दुमडतात.

फोटोंचं काय करायचं यावर मी वडिलांना विचारलं. रविवार कारंजाजवळच्या एका खोलीत त्यांनी पस्तीस वर्षं वह्या आणि रजिस्टरं शिवली. आता डोळे अधू झालेत, पण बोटं अजून कागद ओळखतात. त्यांनी आर्ट पेपरची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "याला पट्टी लाव. गोंदाला पट्टी धरू दे, पट्टीला फोटो." साध्या कागदाच्या अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या. फोटोच्या डाव्या कडेवरून अर्धा सेंटिमीटर कापून टाकला, आणि मागच्या बाजूने पट्टी अशी चिकटवली की तिची कड बाकीच्या कागदांशी सारखी यावी. पाठीच्या गोंदात जाते ती साधी पट्टी, चकचकीत कागद नाही. एका प्रतीला सहा, बारा प्रतींना बहात्तर पट्ट्या. वडील, मी आणि दुकानातला मुलगा, तिघांनी मिळून एका संध्याकाळी केल्या. वेळ नसेल तर सोपा उपाय आहे: फोटो १०० जीएसएमच्या साध्या कागदावर छापा. चकाकी जाते, पण पान राहतं.

नकाशांच्या घड्या बदलल्या. पाठीपासून साधारण १९५ मिमीवर पहिली घडी, मग उरलेला भाग मागे आणून त्याच्या मध्यावर पुन्हा बाहेर वळवायचा. त्यामुळे पाठीत एकच थर जातो आणि मोकळं टोक गोंदापासून लांब राहतं. बाहेरच्या बाजूला मात्र तीन थर होतात, म्हणजे प्रत पाठीकडे बारीक आणि उघडण्याच्या बाजूला जाड होते आणि मिटताना पाठीवर ताण येतो. त्यासाठी प्रत्येक नकाशामागे पाठीकडे दोन मोकळ्या पट्ट्या घातल्या, जाडी भरून काढायला. ही युक्तीही वडिलांचीच. जुन्या नकाशांच्या पुस्तकांत अशा अरुंद पट्ट्या दिसतात, पान फाडून घेतल्यासारख्या.

त्या पट्ट्या धरून पुन्हा मोजलं तर बँकेची प्रत १५ मिमीत थोडी सैल बसून आली. संचालकांची १२ मध्ये ठासून बसत होती, म्हणून तिलाही १५ चंच कव्हर घेतलं आणि शेवटी चार-पाच कोरे कागद टाकले. गठ्ठा काचेवर आधी पाठीच्या बाजूने, मग खालच्या बाजूने ठोकून घेतला. ठोकणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. ताजी छपाई असेल तर ती आधी तासभर पंख्यापासून लांब पडू द्यावी. लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद कोरडा पडून वाकलेला असतो, तो तसाच ठोकला तर कडा सारख्या दिसतात पण थोड्या वेळाने लाटा येतात.

मग मशीन, बीप, स्टँड. तीन प्रती झाल्या की पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुढच्या तीन. मुलाच्या हातात घड्याळ दिलं. संपूर्ण गार झाल्यावर प्रत्येक प्रत मधोमध उघडली, मधलं एक पान वरच्या दोन कोपऱ्यांना धरलं आणि सगळी प्रत त्या एका पानावर हवेत लटकवली. बारापैकी बारा टिकल्या. पूर्वी मी एका प्रतीची पाठ फक्त हाताने चाचपून बघायची. आता प्रत्येक मोठ्या कामात एक प्रत अशी लटकवल्याशिवाय डिलिव्हरी देत नाही. १५ आणि २० मिमीची दहा-दहा कव्हरं वेगळ्या खणात ठेवलीत, ती रोजच्या कामाला काढायची नाहीत.

नानांना आणखी एक प्रत हवी होती, कंपनीच्या कपाटात ठेवायला. "ही वीस वर्षं टिकेल का?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं, थर्मलची मी खात्री देणार नाही. ईव्हीए उन्हात मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. निफाडकडे जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तशा थंडीत जुनी प्रत पूर्ण उघडली तर पाठ तडकू शकते. वर्षभर हाताळायची, बँकेत द्यायची प्रत थर्मलची चालेल. ठेवायची प्रत शिवलेली हवी. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडच्या वंशावळींच्या चोपड्या पिढ्यान्‌पिढ्या उघडल्या-मिटल्या जातात, त्या दोऱ्यावर टिकल्यात. आपला पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. तो मधोमध उघडून बघा, तिथेही दोराच दिसेल.

वडिलांनी ती प्रत स्वतः शिवायला घेतली. जुजबंदी, म्हणजे घडीतून दोरा घालून शिवणं, करता येणार नव्हती, कारण तिला घडी घातलेले फर्मे (कागदांचे जुडगे) लागतात आणि इथे सगळे सुटे कागद. म्हणून डाव्या कडेपासून एक सेंटिमीटर आत टोच्याने सात भोकं पाडली, मेण लावलेला दोरा खालून वर, वरून खाली असा पूर्ण लांबीला नेला आणि परत आणला, म्हणजे दोन भोकांमधली एकही जागा रिकामी राहिली नाही. वर पुठ्ठा, पाठीला कापड, बाहेरून काळं रेक्झिन. अशी प्रत थर्मलसारखी सपाट उघडत नाही. वडिलांनी नानांना ते दाखवलं आणि सांगितलं, जोर लावून उघडायची नाही, हाताने पान धरून वाचायचं.

सोमवारी नाना बँकेच्या पाच, संचालकांच्या सात आणि ही तेरावी प्रत घ्यायला आले. बारा प्रतींचं खोकं मुलाने डिकीत ठेवायला उचललं, तर नाना म्हणाले, "डिकीत नको, पायाशी सावलीत ठेव." शिवलेली प्रत त्यांनी मागच्या सीटवर ठेवली, दार लावलं, मग पुन्हा उघडलं, ती उचलली आणि मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले.